एकट्याने स्कीइंग : आनंद किती आणि जोखीम किती?

कपाशीवाला (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

तुरीची मळणी आटोपली आणि हरभऱ्याचे शेवटचे ओलीत झाले की फेब्रुवारीत मला थोडी उसंत मिळते, आणि गेली काही वर्षे ती मी गुलमर्गला घालवतो. स्कीइंग शिकलो ते औलीला, गढवाल मंडल विकास निगमच्या १४ दिवसांच्या अभ्यासक्रमात. तेव्हा तुकडीची सोबत होती. नंतर मात्र आमच्या तालुक्यात ही हौस असलेला दुसरा माणूस भेटला नाही, म्हणून एकटा जाऊ लागलो. आधी ती अडचण वाटायची. आता कोणी सोबत यायला तयार झाले, तरी निदान पहिले एक-दोन दिवस मी ती सोबत टाळीन.

याचे कारण असे की हा खेळ अंगात मुरायला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागते. डावे वळण घेताना वजन उजव्या, म्हणजे बाहेरच्या स्कीवर गेले पाहिजे, नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली राहिली पाहिजे आणि खांदे उताराच्या दिशेने राहिले पाहिजेत, एवढे सांगायला दोन ओळी पुरतात. पण ते जमायला उताराचा तोच तुकडा दिवसभर उतरावा लागतो. सोबत असली की कोणी खाली खोळंबलेले असते, कोणाला कहवा हवा असतो, कोणाला फोटो. एकटा असलो की गंडोलाच्या, म्हणजे केबिनवाल्या रोपवेच्या, सकाळच्या पहिल्या केबिनने मी कोंगदोरीला, त्याच्या पहिल्या टप्प्यावर, पोचतो. दाबून सारख्या केलेल्या बर्फावर तोवर फारशा रेघा उमटलेल्या नसतात, आणि स्कीच्या पोलादी कडेचा आवाज नीट ऐकू येतो. खरखर झाली तर स्की आडवी घसरली. बारीक आणि सलग आवाज आला तर कड बर्फात बसली. माझा खरा शिक्षक हा आवाजच आहे, आणि चार जणांच्या गप्पांत तो ऐकू येत नाही.

आता मूळ प्रश्न. यंदा गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या डोंगरावर जाऊन तिथून एकट्याने उतरावे, असे मनात आहे. आई म्हणते, "एकटाच कायले जातं बाबू, कोणाले तरी संगं ने." बायको काही बोलत नाही, पण विषय काढला की उठून जाते. मला यात एक विसंगती दिसते. आमच्याकडे शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीची मिळते. ऐन थंडीत मध्यरात्री माणूस एकटा वावरात जातो, तिथे साप, रानडुक्कर आणि उघड्या तारा हे सगळे असते, आणि ती गोष्ट घरात कोणाला चर्चेची वाटत नाही. हौसेने बर्फावर एकटा गेलो की मात्र सगळे घर आडवे येते. 'जपून जा' एवढेच सांगणारे प्रतिसाद नकोत. एकट्याने कुठवर जावे आणि कुठे थांबावे, याची रेषा कारणांसह कोणी आखून देऊ शकेल का?

वैनगंगाकाठ (जिल्हा भंडारा)

कपाशीवाले भाऊ, माझे यजमानही एकट्याने डोंगर पालथे घालणाऱ्यांपैकी आहेत, त्यामुळे मी तुमच्या घरच्यांच्या बाजूने लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ओलिताची तुलना तुम्ही अर्धीच केली. रात्री ओलिताला गेलेला माणूस कोणत्या वावरात आहे, कोणत्या विहिरीवर आहे आणि लाईन किती वाजता जाते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पलीकडच्या धुऱ्यावर शेजाऱ्याची बॅटरी हलताना दिसते. बराच वेळ ती दिसली नाही, तर दुसरा माणूस हाळी देतो आणि हाळीला ओ आली नाही, तर बघायला जातो. पहाटे तो घरी आला नाही, तर कोणीकडे धावायचे हे विचारावे लागत नाही. अफरवटच्या उतारावर तुमच्या शेजारचे वावर कोणाचे आहे?

एकटेपणाला माझी हरकत नाही. यजमान एकटे फिरून येतात तेव्हा माणूस धुतल्यासारखा स्वच्छ होऊन येतो, हे मी पाहिले आहे. परंतु घरी थांबणाऱ्याला दोन गोष्टी कळल्याच पाहिजेत : किती वाजल्यानंतर काळजी करायची आणि ती वेळ उलटली तर फोन कोणाला करायचा. या दोन प्रश्नांची उत्तरे न देता जो निघतो, तो स्वतःची जोखीम परस्पर दुसऱ्याच्या नावावर टाकतो, असे माझे मत आहे.

निवृत्त सुभेदार (तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा)

नोकरीचा बराच काळ बर्फाळ मुलखात गेला आणि स्कीवर चालणे हा तिथे कामाचा भाग होता, म्हणून सविस्तर लिहितो.

कपाशीवाले, तुम्ही ज्याला एकच डोंगर समजता, ते सुरक्षिततेच्या हिशेबाने दोन वेगळे मुलूख आहेत. गुलमर्गच्या पायथ्याचे शिकाऊ उतार आणि कोंगदोरीचा, साधारण ३,००० मीटरवरचा, आखलेला भाग हा पहिला. तिथे माणसांची वर्दळ असते, तुम्ही पडलात तर कोणाच्या तरी नजरेस पडता आणि खाली आणण्याची सोय जवळ असते. तिथे एकटे जाणे म्हणजे ओळखीचे कोणी नसणे, एवढेच. गंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला ३,९०० मीटरच्या वर सोडतो आणि तिथून पसरलेल्या उतारांचा फक्त एक पट्टा गस्त पथकाच्या देखरेखीखाली असतो. त्या पट्ट्यातला धोकादायक बर्फ पथक स्फोटकांनी पाडते आणि मगच तो खुला करते. त्याच्या डावी-उजवीकडे जे काही आहे, तो उघडा हिमालय आहे. गंडोला चालू आहे, म्हणजे सगळा डोंगर सुरक्षित आहे, असा अर्थ पुष्कळ लोक काढतात. तो चूक आहे.

हिमस्खलन कसे होते, हे थोडक्यात सांगतो. वारा डोंगराच्या कण्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला आणून टाकतो आणि तिथे त्याची घट्ट लादी तयार होते. खालचा थर भुसभुशीत राहिला असेल, तर ती लादी नुसती टेकलेली असते, आणि एका माणसाच्या वजनाने ती तडकून सगळी एकदम सुटू शकते. असे बहुतेक प्रकार ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्कीइंगला सर्वांत मजा येते तीही नेमकी याच उतारांवर. जीव घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी फार मोठ्या भागात ती लादी गाडल्या गेलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच मोडलेली असते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हपतखुद भागात पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गमध्येच रशियाचा एक स्कीपटू तसाच मरण पावला. दोन्ही वेळा इतर अनेक जण वाचवले गेले. तुम्ही जाता तो महिना कोणता, हे तुम्हीच पाहा.

आता एकटेपणाचा मुद्दा. गाडला गेलेला माणूस पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढला, तर दहापैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास येते. गस्त पथक कितीही चपळ असले, तरी बातमी पोचणे, निघणे आणि शोधणे यातच तो वेळ जातो. म्हणजे तुम्हाला वाचवणारा माणूस त्या क्षणी तिथे हजर असावा लागतो. या मुलखात जाणारा प्रत्येक जण ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे अशा तीन वस्तू बाळगतो. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत राहतो. वर राहिलेल्या सोबत्याने आपले यंत्र शोधण्याच्या स्थितीत आणून त्या संदेशाच्या रोखाने जायचे, लांब सळईसारख्या प्रोबने नेमकी जागा टोचून पाहायची आणि मग फावड्याने उकरायचे. घट्ट बसलेला बर्फ हाताने उकरला जात नाही. या तिन्ही वस्तू तुमच्या सोबत्यासाठी असतात आणि त्याच्याकडच्या तुमच्यासाठी. एकट्या माणसाच्या अंगावरचा ट्रान्सीव्हर पुढे शव सापडायला उपयोगी पडतो. कठोर वाटेल, पण तुम्ही कारण मागितले, म्हणून लिहिले.

माझी रेषा सरळ आहे. कोंगदोरीला खुशाल एकटे खेळा. अफरवटला गस्तीच्या पट्ट्याबाहेर एकट्याने पाऊल टाकू नका, कितीही सराव झाला असला तरी.

कपाशीवाला

सुभेदार साहेब, ट्रान्सीव्हरचा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. तो मान्य आहे.

तरी एक शंका राहते. सोबत म्हणजे सुरक्षितता, हे कितपत खरे? एकटा असताना मी जास्त सावध असतो. बर्फ नीट दिसत नसेल, ढग खाली उतरले असतील, तर मी कोणाला न विचारता परत फिरतो. घोळक्यात मात्र असे पाहिले आहे की एक जण उतरला की बाकीचे त्याच्या रेघेवरून विचार न करता जातात आणि 'नको' म्हणायला कोणी धजत नाही. आपण सांगितलेल्या दोन्ही घटनांतही अनेक जण एकत्र होते.

आणखी एक. कोंगदोरीहून गुलमर्गकडे उतरताना जी झाडी लागते, ती पहिल्या मुलखात धरायची की दुसऱ्या? तिथला मऊ, न तुडवलेला बर्फ फार मोहात पाडतो.

क्रीडाशिक्षिका (अचलपूर, जिल्हा अमरावती)

मी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेच्या स्कीइंग अभ्यासक्रमात शिकले आणि जमेल तेव्हा एकटीच जाते. दोन्ही शंकांवर लिहिते.

घोळक्याबद्दलचे आपले निरीक्षण अभ्यासकांनीही नोंदवले आहे. इयान मॅकॅमन या अमेरिकन संशोधकाने हिमस्खलनाच्या शेकडो जुन्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. धोक्याच्या खुणा डोळ्यांसमोर असताना जाणती माणसे पुढे का गेली, याची कारणे त्याला बर्फात कमी आणि माणसांच्या स्वभावात जास्त सापडली. ओळखीचा उतार आहे, आधीच कोणाची रेघ आहे, ठरवून आलो तर आता माघार कशी घ्यायची, कोणावर छाप पाडायची आहे, ताजा बर्फ दुसऱ्यांनी संपवण्याआधी आपण उतरावे, अशी ती कारणे आहेत. कपाशीवाले भाऊ, यातली निम्मी कारणे एकट्या माणसालाही लागू होतात. दारव्ह्याहून गुलमर्गपर्यंत इतका खर्च करून गेलेला माणूस शेवटच्या दिवशी ढग पाहून परत फिरेलच, याची मला तरी खात्री वाटत नाही. घोळक्यात निदान एखादा तरी 'थांबा' म्हणण्याची शक्यता असते. तेव्हा उपाय असा की दोघे किंवा तिघेच असावेत, त्यांपैकी कोणालाही नकाराधिकार असावा, आणि धोक्याचा उतार एका वेळी एकानेच पार करावा, म्हणजे बाकीचे बाहेर राहून पाहू शकतात. त्या एका उतरणीपुरता तुम्हाला तुमचा एकांतही मिळतो.

झाडीचे उत्तर अधिक स्पष्ट आहे : एकट्याने नको. देवदार-फरसारख्या झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीलगत पसरलेल्या असतात, त्यांच्याखाली बर्फ नीट भरत नाही आणि खोडाभोवती पोकळी राहते. वरून सगळे सारखे दिसते. त्या कडेला स्की गेली की माणूस बहुधा डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत आत जातो, वरचा भुसभुशीत बर्फ अंगावर ओतला जातो आणि धडपड करावी तसा आणखी ओतला जातो. अमेरिका आणि कॅनडात स्वयंसेवकांवर याचे प्रयोग केले गेले, तेव्हा दहापैकी नऊ जणांना स्वतःहून बाहेर येता आले नाही. शेजारून जाणाऱ्याला ओरडणे ऐकू येत नाही. एकत्र उतरणाऱ्यांनीही झाडीत एकमेकांना सतत नजरेसमोर ठेवावे, असे सांगतात ते यासाठी. आमच्या प्रशिक्षकांची सूचना अशी होती की पोलच्या, म्हणजे हातातल्या काठ्यांच्या, मुठीचे पट्टे झाडीत मनगटातून काढून ठेवावेत, म्हणजे पडल्यावर हात मोकळे राहतात आणि तोंडापुढे थोडी जागा करता येते.

आखलेल्या उतारावर एकट्याने जायचे, तर सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे बाइंडिंग, बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर बूट स्कीपासून सुटला नाही, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. सुटण्याचा ताण किती ठेवायचा, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची पातळी यांवरून ठरते. भाड्याच्या दुकानात सकाळी गर्दी असते आणि आधीच्या गिऱ्हाईकाच्या आकड्यावरच स्की हातात दिली जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. 'माझे वजन इतके आहे, यावर लावून द्या' असे सांगून, बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही खिडक्यांतला आकडा पाहूनच दुकानातून निघावे. वजन कमी सांगण्याची सवय घरी ठेवावी.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावर वागण्याचे दहा नियम आहेत. एकट्यासाठी त्यांतला एक जिव्हाळ्याचा आहे : थांबायचे तर उताराच्या कडेला थांबावे, अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा उंचवट्याखाली थांबू नये. सोबत असली की दुसरा वर उभा राहून येणाऱ्यांना इशारा देतो. एकटा माणूस उंचवट्याखाली पट्टे आवळत बसला, तर वरून येणाऱ्याला तो अंगावर गेल्यावरच दिसतो.

बाईमाणसाने एकटे जावे का, हा प्रश्न इथे कोणी विचारला नाही, पण मला तो दरवेळी शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला जातो. माझ्या अनुभवाने उतारावर त्रास कमी आणि 'आम्ही शिकवतो, आम्ही सामान धरतो' असे म्हणत मागे लागणाऱ्यांचा ससेमिरा जास्त. प्रशिक्षक आधी ठरवलेला असला आणि दर लिखित असला की तो बराच कमी होतो.

डॉक्टर मेळघाट (धारणी, जिल्हा अमरावती)

मी स्की कधी पायात घातलेली नाही, परंतु एकट्याने पडणाऱ्या माणसांवर उपचार करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

हिमस्खलनावर इतके लिहिले गेले की साध्या उतारावर एकट्याने काही बिघडत नाही, असा समज होईल. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडातील माँ-त्राँब्लाँ येथे शिकाऊ उतारावर, प्रशिक्षक सोबत असताना पडल्या. हेल्मेट नव्हते. उठल्या, बोलत होत्या, त्यांनी मदत नको म्हटले आणि आलेली रुग्णवाहिका परत गेली. काही वेळाने डोके दुखू लागले आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते, तेव्हा मधला काही काळ रुग्ण अगदी शहाण्यासारखा बोलतो. दुचाकीवरून पडलेल्यांत आम्ही हे चित्र पाहतो. एकट्या माणसाची अडचण अशी की डोक्याला मार लागल्यावर 'मला काही झाले नाही' हे ठरवणारा अवयवच मार खाल्लेला असतो. म्हणून एकट्याने जाणाऱ्याने नियम आधीच करून ठेवावा : डोके आपटले, तर त्या दिवशीचे स्कीइंग संपले, कोणाला तरी सांगायचे आणि रात्री खोलीवर एकटे झोपायचे नाही. हेल्मेट तर हवेच, पण हेल्मेट होते म्हणून हा नियम सैल करायचा नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. आपण समुद्रसपाटीपासून ३००-४०० मीटरवर राहणारी माणसे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि २,५०० मीटरनंतर उंचीचा त्रास सुरू होऊ शकतो. तिथून गंडोला तुम्हाला काही मिनिटांत ३,९०० मीटरच्या वर नेतो. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणे ही लक्षणे थकव्यासारखीच वाटतात आणि एकटा माणूस ती थकव्याच्याच खात्यावर लिहितो. पोचल्यावर पहिला दिवस खालीच काढावा. तोल जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर चर्चा न करता खाली उतरावे.

थंडीविषयी एकच सांगतो. आपल्याकडचे लोक आतून सुती बनियन घालतात आणि वरून जाड जाकीट. उतारावर घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवते आणि खुर्चीच्या लिफ्टवर वारा लागला की अंगातील उष्णता झपाट्याने जाते. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कापड असावे. बोटे सुन्न झाली, बोलणे अडखळू लागले, झिपर लावता येईना, की शरीर थंड पडत आहे असे समजावे. सोबत्याला हे आधी कळते. एकट्याने मधूनमधून स्वतःची परीक्षा घ्यावी, अंगठा करंगळीला टेकतो का पाहावे. ताजा बर्फ सुमारे ८० टक्के अतिनील किरणे परतवतो, म्हणून ढगाळ दिवशीही चष्मा काढू नये. बर्फाने दिपलेल्या डोळ्यांनी एकट्याने उतरणे फार अवघड जाते.

संत्राबाग (तालुका वरुड, जिल्हा अमरावती)

सर्वांचे वाचून मनात आले ते विचारतो. मी आजवर बर्फ पाहिलेला नाही. मित्र कोणी येत नाहीत. पहिल्याच वेळी एकट्याने जाऊन शिकता येईल का, की हा सगळा विचार सोडून द्यावा?

क्रीडाशिक्षिका

दादा, सोडून कशाला द्यायचे? शिकायला एकटे जाणे हेच सर्वांत सोयीचे आहे, कारण अभ्यासक्रमात तुम्ही एकटे राहतच नाही. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, मनालीची संस्था सोलंगला अभ्यासक्रम घेते आणि औलीला गढवाल मंडल विकास निगम घेते. औलीला जाणार असाल, तर जोशीमठहून जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये, जमीन खचू लागली तेव्हा बंद झाला. त्यामुळे रस्त्याने जाण्याची तयारी ठेवा. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले, ते भारताचे स्कीइंगमधील पहिले आंतरराष्ट्रीय पदक म्हणून तेव्हा गाजले. त्या उतारांवर तिच्यामागून शिकणारी शाळकरी मुले तुमच्या शेजारून वाऱ्यासारखी जातील. लाज वाटून घेऊ नका. समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहून स्वतःच स्वतःला शिकवायला मात्र जाऊ नका. पडायचे कसे, पडल्यावर उठायचे कसे आणि लिफ्टवरून उतरायचे कसे, हे कोणी तरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते.

निवृत्त सुभेदार

संपर्काविषयी भर घालतो, कारण एकट्याचा सगळा भरवसा फोनवर असतो. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. गावाकडचे लोक इथेच फसतात. श्रीनगरला उतरल्यावर फोन मुका होतो आणि घरी काळजी सुरू होते. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. ट्रान्सीव्हर घातला असेल, तर तो आणि फोन एकाच खिशात नसावेत, कारण फोनमुळे त्याच्या संदेशात अडथळा येतो. परदेशी स्कीपटू उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रे वापरतात, ती पाहून कोणी मागवू नये. आपल्या देशात ती सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि विमानतळावर त्यावरून लोक अडकले आहेत.

कपाशीवाला

मी रेषा मागितली होती, ती मिळाली. यंदा कोंगदोरीला नेहमीप्रमाणे एकटा खेळेन. झाडी वर्ज्य. अफरवटला एक दिवस जाईन, पण स्थानिक मार्गदर्शक ठरवून आणि त्याच्याकडेही तिन्ही वस्तू आहेत हे पाहून. सकाळी गस्त पथकाचे हिमस्खलनाचे पत्रक वाचल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढणार नाही. मार्गदर्शकाचे पैसे वाचवण्याचा विचार मनात होता, हे लपवत नाही. तरी एका दिवसाचे पैसे मोडतील एवढी तूर यंदा झाली आहे.

एका बाबतीत मात्र मी सुभेदार साहेबांशी पूर्ण सहमत नाही. कोंगदोरीचा एकांत म्हणजे नुसते ओळखीचे कोणी नसणे, असे त्यांनी लिहिले. माझ्यासाठी ते त्याहून अधिक आहे. वर्षभर सालदार, व्यापारी, बँक आणि नातेवाईक यांच्याशी बोलण्यात दिवस जातो. बर्फावर मी दुपारपर्यंत एकही शब्द न बोलता राहू शकतो, आणि त्यासाठी अनोळखी माणसांची गर्दी मला पुरेशी होते.

वैनगंगा ताई, घरी कागद लिहून ठेवत आहे : हॉटेलचा क्रमांक, मार्गदर्शकाचा क्रमांक, आपत्कालीन ११२, कोणत्या दिवशी कोणत्या भागात असेन, आणि संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर आधी हॉटेलला फोन करावा.

वैनगंगाकाठ

भाऊ, सहा फार उशीर झाला. फेब्रुवारीत तिथे साधारण त्याच सुमारास दिवस मावळतो. तुमचे उतरणे चारच्या आत संपते ना? मग साडेचारची वेळ लिहा, म्हणजे शोधणाऱ्यांना थोडा तरी उजेड मिळेल. आणि तो कागद वहिनींच्या हातात द्या. कपाटात ठेवलेला कागद वेळेवर सापडत नाही.

निवृत्त सुभेदार

कागदावर जाकिटाचा आणि हेल्मेटचा रंगही लिहा. तीच एक प्रत हॉटेलमालकाकडे द्या, आणि रोज सकाळी निघताना कोणत्या भागात जात आहात ते त्याला तोंडी सांगा. खाली आलात की चहाच्या आधी घरी फोन करा.

कपाशीवाला

साडेचार केले. जाकीट नारिंगी, हेल्मेट पांढरे. पांढरे बर्फात दिसणार नाही, म्हणून त्यावर लाल पट्टी चिकटवायची, असे बायकोने स्वतःहून सुचवले आहे.